ओढणी, चेंडू, ठिकरी : लहान मुलांना ताल-सूर खेळांतून शिकवताना

पहिलीच्या वर्गात फळ्यावर केरवा हा आठ मात्रांचा (ठोक्यांचा) ताल लिहून, त्याखाली टाळी-खालीच्या, म्हणजे टाळी कुठे द्यायची आणि कुठे नाही याच्या, खुणा करून मुलांकडून तो दहा वेळा म्हणवून घेतला, की मुले तो सहज पाठ करतात. त्याच मुलांना तबल्यावर केरवा ऐकवून ‘सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की उभे राहा’ असे सांगितले, तर मात्र निम्मा वर्ग शेजाऱ्याकडे पाहून उठतो. प्राथमिक शाळेत संगीत शिकवू लागले तेव्हा पहिली दोन वर्षे माझ्या वर्गाचे हेच चित्र होते. मुलांना बोल, म्हणजे तालाची अक्षरे, येत होते, ताल येत नव्हता. हा ताल अंगात कसा आणायचा, आणि त्यासाठी हातात काय द्यायचे, काय खेळायचे, कुठे थांबायचे, याविषयी अनुभवातून जे हाती लागले ते बालवाडीच्या ताईंसाठी, प्राथमिक शिक्षकांसाठी आणि घरी मुलांना गाणे शिकवणाऱ्या पालकांसाठी येथे सविस्तर मांडत आहे.

आपल्याकडे ताल पूर्वीपासून अंगानेच शिकवला जातो, हे आधी लक्षात घ्यावे. टाळी वाजवणे आणि खालीला पंजा उलटा करून हात बाजूला नेणे, ही तालाची लिपीच आहे आणि ती हातांच्या हालचालींनी लिहिली जाते. आषाढी एकादशीच्या आधी शाळाशाळांतून बालदिंडी निघते. तेव्हा चिमुकली मुलेही टाळ-चिपळ्यांच्या ठेक्यावर पावली बरोबर टाकतात, त्यांना कोणी मात्रा मोजायला सांगत नाही. लेझीम, टिपऱ्या, झिम्मा, फुगडी, कोकणात आणि गोव्यात खेळला जाणारा गोफ या सगळ्यांत नाद आणि हालचाल एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. युरोपात एमिल जाक-दालक्रोझ (1865–1950) या संगीतशिक्षकाला जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवताना आढळले, की विद्यार्थी कागदावर जे लिहितात ते त्यांना मनात ऐकू येत नाही. म्हणून त्याने त्यांना लयीवर चालायला लावले आणि त्यातून हालचालीद्वारे संगीत शिकवण्याची एक पद्धतच उभी राहिली. त्याचे निदान आपल्या वर्गांनाही लागू पडते, उपचार मात्र आपल्या अंगणात आधीपासून आहे.

पुढे जे काही सांगणार आहे त्याचा क्रम एकच आहे: आधी कान, मग अंग, मग तोंड आणि सर्वांत शेवटी वही. ‘खाली’ हा शब्द मुलाला सांगण्यापूर्वी खाली त्याच्या हातून घडलेली असावी. नाव उशिरा दिले म्हणून काही बिघडत नाही, पण नाव आधी दिले तर मूल नावच पाठ करून थांबते.

साधनांची जमवाजमव

विकत आणावे असे यात फारसे काही नाही. सर्वांत उपयोगी साधन म्हणजे शिफॉनची किंवा जॉर्जेटची जुनी ओढणी. साधारण सव्वादोन मीटरच्या ओढणीचे तीन समान तुकडे केले, की पाऊण मीटरचे रुमाल मिळतात. त्यांच्या कडा दुमडून टीप घालून घ्यावी. अख्खी ओढणी देऊ नये. माझ्या वर्गात एका मुलीचा पाय स्वतःच्याच ओढणीवर पडला, ती घसरली आणि तिचे कोपर सोलवटले. त्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्या ओढण्या कापल्या. सुती कापड या कामाला चालत नाही, कारण ते धपकन खाली येते आणि आपल्याला हवे असते ते तरंगणे.

दुसरे साधन म्हणजे मुलाच्या तळहातात मावेल एवढी पिशवी. जुन्या जीन्सच्या कापडाच्या अशा पिशव्या शिवून त्यांत साधारण शंभर ग्रॅम चिंचोके भरावेत. ज्वारीही चालते, पण पावसाळ्यात तिला सोंडे लागतात. पिशवीला वजन असते, ती हातावर पडल्याचे जाणवते, आणि मात्रेला वजन असते हे मुलाला कळायला तेवढे पुरते. याशिवाय टेनिसचे चार-पाच चेंडू, फूटभर लांबीच्या आणि टोके पॉलिश पेपरने घासलेल्या टिपऱ्या, दोन जुन्या साड्या, लगोरीच्या सात चपट्या लाकडी चकत्या आणि खडू एवढे असले की वर्षभराचे काम भागते. हूला हूपच्या रिंगा दिसायला सुरेख असतात, पण फरशीवर त्या पायाखालून सटकतात. त्यापेक्षा खडूने काढलेले वर्तुळ अधिक सुरक्षित.

बाके भिंतीला लावावीत, मुलांना अनवाणी खेळवावे आणि पावसाळ्यात फरशी ओली असेल त्या दिवशी उड्यांचे खेळ घेऊ नयेत. वर्गात तीस-चाळीस मुले असतील तर सगळ्यांना एकदम उठवू नये. निम्म्यांनी खेळावे, निम्म्यांनी ठेका धरावा किंवा गावे आणि चार-पाच आवर्तनांनंतर, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्यांनंतर, अदलाबदल करावी. गाणारा गट ‘बसून राहिलेला’ नसतो, खेळणाऱ्यांची लय त्याच्याच हातात असते, आणि हे त्या मुलांना आवर्जून सांगावे.

एक नियम पहिल्या दिवशी लावून द्यावा: नाद सुरू झाला की साधन जागे होते, नाद थांबला की साधन झोपते. ओढणी खांद्यावर झोपते, पिशवी मांडीवर झोपते. ओरडून शिस्त लावण्याची वेळ मग येत नाही आणि नादाच्या सुरुवातीकडे व शेवटाकडे कान लावून ठेवण्याची सवय मुलांना आपोआप लागते.

लय : आधी आपण मुलाच्या मागे जावे

शिक्षक ठेका धरतो आणि मुलांनी त्याबरोबर चालावे अशी अपेक्षा करतो. लहान मुलांच्या बाबतीत ही सुरुवात चुकीची ठरते. चार-पाच वर्षांच्या मुलाची स्वाभाविक चाल मोठ्या माणसापेक्षा जलद असते. त्याचे पाय आखूड, त्यामुळे त्याच्या अंगातली लयही चढी. म्हणून पहिले चार-पाच दिवस उलटे करावे. एका मुलाला वर्गातून त्याच्या मनाप्रमाणे चालू द्यावे आणि आपण डिमडीवर, डफावर किंवा नुसत्या बाकावर त्याच्या पावलांबरोबर वाजवावे. आपले पाऊल पडले की बाईंच्या हाताखाली आवाज होतो, हे लक्षात आले की मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो; ते मुद्दाम थांबते, पळते, पुन्हा थांबते. असे दहा मुलांचे करून झाल्यावर मगच ‘आता मी वाजवते, तुम्ही चाला’ असे म्हणावे. तोवर पाऊल आणि नाद यांची गाठ त्यांच्या मनात पक्की बसलेली असते.

यानंतर विष-अमृताचा खेळ घ्यावा. ठेका सुरू असेपर्यंत चालायचे, तो थांबला की जिथे आहोत तिथे पुतळा व्हायचे आणि अमृत म्हणजे पुन्हा ठेका. थांबण्याचा क्षण सुरुवातीला चार-चार किंवा आठ-आठ मात्रांनी नियमित ठेवावा. दोन-तीन दिवसांत मुले थांबण्याची चाहूल घेऊ लागतात, आठव्या मात्रेनंतर आपोआप अंग सावरून धरतात. आवर्तनाची जाणीव तिथे सुरू झालेली असते, पण आवर्तन हा शब्द अजूनही काढू नये.

ठाय, दुगुन आणि चौगुन, म्हणजे एका मात्रेत एक, दोन आणि चार, हा भाग बहुतेक ठिकाणी बिघडतो, तो वेग वाढवण्यामुळे. दुगुन म्हणजे जलद, असे एकदा मुलाच्या डोक्यात बसले की ते पुढे काढता काढता वर्षे जातात. म्हणून माणूस, ससा आणि उंदीर हा खेळ असा घ्यावा: मी डफावर एकाच संथ लयीत मात्रा वाजवत राहते. माणूस प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकतो, ससा एका मात्रेत दोन आणि उंदीर बोटांवर तुरुतुरु चार. वर्गाचे तीन गट करून तिघांनाही एकाच वेळी चालवले, की एकाच मात्रेच्या घरात कोणी एक, कोणी दोन, कोणी चार पावले टाकतो आणि तरीही पुढच्या मात्रेवर सगळ्यांचे पाय एकत्र पडतात, हे डोळ्यांना दिसते आणि जमिनीतून ऐकूही येते. डफाचा वेग तसूभरही बदलू द्यायचा नाही, इतकेच पथ्य शिक्षकाने पाळावे.

चेंडूच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चेंडूची लय चेंडूच ठरवतो. मीटरभर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर पोहोचायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो आणि लहान मुलाच्या कमरेच्या उंचीवरून त्याहूनही कमी. त्यामुळे टप्पा एका मात्रेला आणि झेल पुढच्या मात्रेला असा खेळ मध्यलयीहून जरा चढ्या लयीतच बसतो. विलंबित, म्हणजे संथ ठेक्यावर ‘हळू टाका’ म्हणून मुलांना रागावण्यात अर्थ नाही, ती गुरुत्वाकर्षणापुढे काय करणार? संथ लय हवी असेल तेव्हा मुलांना पाय पसरून गोलात बसवावे आणि चेंडू जमिनीवरून समोरच्याकडे ढकलायला सांगावे. किती जोर लावला म्हणजे चेंडू नेमका चार मात्रांनी समोर पोहोचेल, याचा अंदाज घेताना मूल जे करते तेच पुढे गवई समेचा अंदाज घेताना करतो.

सम आणि खाली

माझ्या मते या सगळ्या खेळांतला सर्वांत मोलाचा खेळ ओढणीचा आहे, म्हणून त्याविषयी जरा सावकाश लिहिते.

आठ मात्रांचा केरवा घ्यावा: धा गे ना ती, ना क धी ना. पहिल्या मात्रेला सम आणि पाचव्या मात्रेला खाली. खालीला तबल्यावर काय होते ते प्रथम ऐकवावे. पाचव्या आणि सहाव्या मात्रेला डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा, घुमार नाहीसा होतो, जणू ठेक्याच्या पायाखालची जमीन क्षणभर काढून घेतली जाते. जवळ तबला नसेल तर पोटावर थाप मारून ‘धा’ आणि चुटकी वाजवून ‘ना’ असा फरक दाखवला तरी चालतो. आता प्रत्येक मुलाच्या हातात ओढणीचा एक रुमाल द्यावा. पहिल्या चार मात्रा तो मुठीत धरून मूठ मांडीवर हलकेच आपटायची. पाचव्या मात्रेला तो वर उडवायचा. सहा, सात, आठ या मात्रांत नुसते पाहायचे. आणि समेला झेलायचा.

पहिल्या दिवशी निम्मे रुमाल सहाव्याच मात्रेला हिसकावून धरले जातात, कारण हवेत सोडलेली वस्तू लगेच पकडावी असे हाताला वाटते. त्या वेळी ‘थांबा, अजून सम यायची आहे’ असे म्हणू नये. ठेका चालू ठेवावा आणि समेच्या ‘धा’ वर आपण स्वतः जरा जास्त जोर द्यावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक क्षण असा येतो, की तीस रुमाल हवेत तरंगत असतात, तीस तळहात वर उघडलेले असतात, वर्गात कोणी बोलत नसते आणि समेला सगळे एकदम झेलले जातात. दुसरीतला एक मुलगा तेव्हा उत्स्फूर्तपणे म्हणाला, ‘‘बाई, आपण टाळी देत नाही तेव्हाही गाणं चालूच असतं!’’ खाली म्हणजे रिकामी जागा नव्हे, तालाचा तोही एक भाग आहे, ही गोष्ट त्या मुलाला मी शिकवली नव्हती. त्यानंतर पाच मिनिटांनी मी फळ्यावर पहिल्यांदा ‘खाली’ हा शब्द लिहिला.

रुमाल किती वेळ तरंगतो यावर लय ठरवावी लागते. मिनिटाला साधारण 120 मात्रांची लय धरली तर चार मात्रांना दोन सेकंद मिळतात. पाऊण मीटरचा शिफॉनचा रुमाल चांगला उंच उडवला तर तेवढा वेळ तो साधारणपणे हवेत राहतो. छताचा पंखा बंद ठेवावा, नाहीतर रुमाल भलतीकडेच जातात. याच रीतीने पुढे सहा मात्रांच्या दादऱ्यात चौथ्या मात्रेला रुमाल उडवता येतो, पण तिथे समेपर्यंत तीनच मात्रा मिळत असल्यामुळे तो कमी उंच उडवावा लागतो. मूल हे आपल्या हातानेच जुळवून घेते आणि दादरा व केरवा यांतला फरक त्याच्या खांद्याला कळतो.

त्रितालाला हा खेळ लगेच लावू नये. सोळा मात्रांचे आवर्तन सहा-सात वर्षांच्या मुलाला लांब वाटते. तिथे चार मुलांची साखळी करावी, प्रत्येकाकडे चार मात्रांचा एक विभाग आणि हातात चिंचोक्यांची एक पिशवी. पहिला चार मात्रा पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि पाचव्या मात्रेला ती दुसऱ्याच्या हातात पडते. नवव्या मात्रेला तिसऱ्याकडे आणि तेराव्याला चौथ्याकडे. तिसरा खालीचा मानकरी, म्हणून त्याने पिशवी तळहातावर न आपटता अलगद ओंजळीत घ्यायची. चौथ्याकडून पिशवी समेला पुन्हा पहिल्याकडे येते. खालीचे काम मुले हट्टाने मागून घेतात, हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे.

ठिकरीच्या घरांत झपताल आणि रूपक

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ठिकरीच्या घरांसारखा दुसरा खेळ नाही. मैदानावर किंवा व्हरांड्यात खडूने झपतालाची दहा घरे आखावीत आणि दोन, तीन, दोन, तीन अशा विभागांमध्ये वीतभर मोकळी जागा सोडावी. प्रत्येक विभागाचे पहिले घर रुंद काढावे, तिथे दोन्ही पाय टेकतात. बाकीच्या घरांत लंगडी. पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या घरात पाय टेकताना टाळी द्यायची आणि सहाव्या घरात हात दोन्ही बाजूंना उघडायचे. रांगेतील मुले ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’ म्हणत राहतात आणि पहिले मूल दहावे घर ओलांडून बाहेर पडते त्याच क्षणी, म्हणजे समेला, पुढचे मूल पहिल्या घरात उडी घेते. एकही मात्रा वाया न जाता मुले जेव्हा अशी एकामागून एक आवर्तनातून जातात, तेव्हा ताल चक्रासारखा फिरतो म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. उड्यांनी दम लागतो, म्हणून एका मुलाला एका वेळी एकच फेरी द्यावी.

रूपकाची घरे तीन, दोन, दोन अशी सात. या तालात समेलाच खाली असते, त्यामुळे पहिल्या घरात टाळी नाही, हात उघडे. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या घरात. पाठांतराने शिकलेल्या मुलांना रूपकाची ही उलटापालट नेहमी अडखळवते, पण घरांतून उड्या मारलेल्या मुलांना ती चमत्कारिक वाटत नाही.

सूर : उंच आणि मोठा यांतला गोंधळ

सुरांकडे वळताना मराठी मुलांच्या बाबतीत एक भाषिक अडचण आधी सोडवावी लागते. आपण ‘आवाज चढवू नकोस’ म्हणतो तेव्हा मोठ्याने बोलू नकोस असे सांगत असतो, आणि गाण्याच्या तासाला ‘सूर चढव’ म्हणतो तेव्हा मात्र तारतेविषयी, म्हणजे सुराच्या उंचीविषयी, बोलत असतो. मूल बिचारे दोन्हीला ओरडते. शिवाय पेटीवर वरचे सूर उजवीकडे असतात, वर नसतात. म्हणून दोन गोष्टींना दोन वेगळ्या हालचाली ठरवून द्याव्यात आणि त्या वर्षभर बदलू नयेत. सूर चढला-उतरला तर हालचाल वर-खाली आणि आवाज लहान-मोठा झाला तर हालचाल आत-बाहेर.

यासाठी दोन साड्या लांबीकडून एकमेकींना शिवून मोठे कापड करावे आणि दहा-बारा मुलांनी त्याच्या कडा धरून गोल उभे राहावे. पेटीवर सा वाजला की कापड गुडघ्याशी, रे वाजला की मांडीशी, ग कमरेशी, प छातीशी, ध खांद्याशी आणि तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, आला की हात डोक्यावर. हे भूप रागाचे सूर आहेत. पाचच असल्यामुळे आणि त्यांत अर्ध्या सुराच्या अंतरावर चिकटलेले सूर नसल्यामुळे सुरुवातीला मुलांचा गोंधळ होत नाही. आवाज लहान केला की सगळ्यांनी दोन पावले आत यायचे आणि मोठा केला की कापड ताणले जाईपर्यंत मागे जायचे. तार सा अगदी हळू वाजवला की मुले हात डोक्यावर ठेवून आत येतात आणि साडीचा तंबू होतो. त्या तंबूखाली उभे राहून, कुजबुजल्यासारखा उंच सूर लावताना उंच आणि मोठा यांतला फरक त्यांना कायमचा कळतो.

शाळेचा जिना हेही असेच फुकट मिळालेले साधन आहे. सात पायऱ्या आणि आठवीवर तार सा. चढताना आरोह, उतरताना अवरोह, आणि पायरी बदलल्याशिवाय सूर बदलायचा नाही. एका वेळी दोनच मुले आणि कठड्याला हात, हे मात्र सोडू नये. लगोरीच्या सात चकत्यांवर सात स्वर लिहून त्या क्रमाने गात रचायच्या हा खेळ मैदानावर रंगतो. लगोरी फुटल्यावर जी चकती हाताला लागेल तिचा सूर लावल्याशिवाय ती रचता येत नाही, एवढा एकच नियम वाढवावा.

कोणत्या पट्टीत गावे हा प्रश्न खेळांच्या नादात विसरला जातो. शिक्षिका आपल्या सोयीने पेटीची काळी चार किंवा काळी पाच ही पट्टी धरतात, आणि शिक्षक त्याहूनही खाली. मुलांचा गळा तिथे मंद्राकडे, म्हणजे खालच्या सप्तकाकडे, पडतो आणि ती घशातून घोगरी गाऊ लागतात. माझ्या अनुभवात मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा पांढरी दोन हा षड्ज (सा) धरून सा ते ध एवढ्यातच गाणे ठेवले, तर सहा-सात वर्षांची बहुतेक मुले मोकळ्या आवाजात गातात.

काही मुले तरीही एकाच सुरात बोलल्यासारखी गातात. त्यांना बेसूर म्हणू नये, हे मी अतिशय कळकळीने सांगते, कारण तो शब्द एकदा कानावर पडला की मूल पुढे आयुष्यभर गात नाही. अशा मुलाचा गाण्याचा आवाज अजून त्याला सापडलेला नसतो, इतकेच. त्याच्या हातात ओढणीचा रुमाल द्यावा, तो जमिनीपासून डोक्यापर्यंत सावकाश न्यायला सांगावा आणि त्याबरोबर आगगाडीच्या शिट्टीसारखा ‘ऊ’ खालून वर ओढायला सांगावा. रुमाल वर उडाला की शिट्टीही उडते. या खेळात ते मूल बोलण्याच्या आवाजातून बाहेर पडून वरच्या आवाजात जाते. मग त्या वरच्या जागेवरच एक सूर धरून ठेवायला सांगावा, आपण पेटीवर तो सूर शोधून त्याला साथ द्यावी आणि तिथून हळूहळू वर्गाच्या षड्जाकडे यावे.

कानाच्या तयारीसाठी आंधळी कोशिंबीर घ्यावी. तानपुरा सुरू ठेवून वर्गाच्या तीन कोपऱ्यांत मुले षड्ज गुणगुणतात आणि चौथ्या कोपऱ्यात पंचम (प). डोळे बांधलेल्या मुलाने पंचमाचा कोपरा शोधायचा. वाटेत कोणी आडवे येऊ नये म्हणून मधली जागा मोकळी ठेवावी.

लेझीम आणि गोफ

लेझीम तिसरीनंतर आणि मैदानावरच घ्यावी. बंद वर्गात तीस लेझमींच्या झांजांच्या आवाजात ठेका ऐकूच येत नाही आणि मुले एकमेकांकडे पाहून हात हलवू लागतात. ‘चार आवाज’ आणि ‘आठ आवाज’ हे लेझमीतले हुकूम म्हणजे मात्रांची मोजणीच असते, तेव्हा खेळाच्या तासाचे शिक्षक आणि संगीताचे शिक्षक यांनी मिळून हा भाग घेतला तर उत्तम. चार आवाज हलगीवर आधी ऐकावेत, मग कोऱ्या हातांनी करावेत आणि त्यानंतरच लेझीम उचलावी.

गोफ पाचवीच्या मुलांना जमतो. वर बांधलेल्या कडीला आठ रंगीत दोऱ्या लावून प्रत्येक मुलाने एकेक धरायची, एका मुलाने आतून, पुढच्याने बाहेरून जात वेणी विणायची. एका आवर्तनात एकच ओलांडणी, हा नियम ठेवला की ज्याची लय चुकते त्याच्या जागी वेणीत गाठ पडते. ती सोडवायला सगळ्यांना मिळून उलटे यावे लागते, आणि उलटे येतानाही आवर्तन तेच ठेवायचे असते. त्यामुळे चूक कोणाची हे शोधत बसण्यापेक्षा ती कोणत्या मात्रेला झाली याची चर्चा मुले करू लागतात.

काय टाळावे

बाद होण्याचे खेळ शक्यतो घेऊ नयेत. संगीत खुर्चीत ज्या मुलाचे कान सर्वांत कच्चे, तेच सर्वांत आधी बाहेर बसते, म्हणजे ज्याला सराव हवा त्यालाच तो मिळत नाही. खुर्च्या कमी न करता प्रत्येक खुर्चीवर वेगळे वाद्य ठेवावे आणि संगीत थांबल्यावर ज्याच्या समोर जे येईल त्याने ते एक आवर्तन वाजवावे, म्हणजे खेळाची मजा राहते आणि कोणी बाहेर जात नाही.

एका तासात दोनांहून अधिक साधने काढू नयेत. ज्या दिवशी मी ओढण्या, चेंडू आणि टिपऱ्या असे सगळेच मांडले, त्या दिवशी मुलांनी साधनांशी खेळून घेतले आणि संगीत एका बाजूला राहिले. पस्तीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटे खेळ पुरतो.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तबल्याजवळ बसवून फुगवलेला फुगा दोन्ही हातांनी छातीशी धरायला द्यावा. डग्ग्याचे कंपन फुग्यातून त्याच्या हातांना जाणवते आणि खालीला ते थांबल्याचेही समजते. चाकाच्या खुर्चीवरील मुलाला ओढणी, पिशवी आणि साडी हे सगळेच खेळ खेळता येतात. ठिकरीच्या खेळात त्याने डफ वाजवून सगळ्यांची लय धरावी. त्या खेळातले सर्वांत जबाबदारीचे काम तेच आहे.

साधन काढून घेणे

मुले रमली की शिक्षक तोच खेळ वर्षभर खेळवत राहतात आणि हा शेवटचा टप्पा राहून जातो. रुमाल समेला झेलता येऊ लागल्यावर आठवड्याभराने तो काढून घ्यावा आणि नुसता हात तसाच उडवायला सांगावा. मग हातही खाली ठेवून नुसती नजर वर-खाली न्यायला सांगावी. मग डोळे मिटून. याच वेळी बोल तोंडात येतात आणि यानंतरच ते वहीत उतरवावेत.

ताल खरोखर अंगात उतरला की नाही हे पाहण्यासाठी मी मुके आवर्तन घेते. मुले पाठमोरी, एकमेकांचे चेहरे न दिसतील अशी, भिंतीकडे तोंड करून उभी राहतात. मी केरव्याची दोन आवर्तने मोठ्याने म्हणते, तिसरे कोणीच म्हणत नाही, माझा हातही हलत नाही आणि चौथ्याच्या समेला प्रत्येकाने एक टाळी द्यायची. सुरुवातीला टाळ्या पावसाच्या थेंबांसारख्या विखरून पडतात. जून महिन्यात सुरू केलेल्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास त्या एकत्र येऊ लागतात. गेल्या वर्षीच्या दुसरीच्या वर्गात त्या मुक्या आठ मात्रांत मी मुलांकडे पाहत होते. हात कोणाचेच हलत नव्हते, पण पाचव्या मात्रेला पाच-सहा जणांच्या माना अगदी किंचित वर गेल्या, जणू रुमाल तिथे अजून तरंगत होता, आणि समेला सगळ्या वर्गाची मिळून एकच टाळी पडली.